राँटगेन आणि पोटातला अंधार

रामदासपेठेत किंवा धंतोलीत संध्याकाळच्या वेळी एखाद्या दवाखान्यासमोर दहा मिनिटं उभं राहिलं, की एक दृश्य हमखास दिसतं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, वर्धा अशा ठिकाणांहून एस.टी.नं आलेली माणसं बाकावर बसलेली असतात आणि कुणाच्या तरी मांडीवर एक मोठं, चपटं पाकीट असतं. आत फिल्म असते. कधी एक्स-रेची, कधी सी.टी. स्कॅनची. अलीकडे सीडी आली, मोबाइलवर फोटो आले, तरी ते पाकीट अजून पूर्ण गेलेलं नाही. घरातला थोरला मुलगा ते छातीशी धरून बसतो, घडी पडू देत नाही. आतल्या काळ्या-करड्या चित्राचा अर्थ त्याला कळत नसतो. पण आपल्या आईचं किंवा वडिलांचं पुढचं सगळं त्या चित्रावर ठरणार आहे, एवढं त्याला नक्की कळत असतं.

हे पाकीट जगात ज्यांच्यामुळे आलं, त्यांचं नाव आपण सर्वांनी शाळेत पाठ केलं आहे. व्हिल्हेल्म कॉनराड राँटगेन. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते बहुधा राँटजेन असं छापलं जाई. बीजगणितात अज्ञात संख्येला इंग्रजीत ‘एक्स’ म्हणतात, मराठीत ‘क्ष’. म्हणून एक्स-रेचे झाले क्ष-किरण. परीक्षेत एका गुणाचा प्रश्न येई, शोध कोणी लावला? आपण उत्तर लिहीत असू आणि पुढच्या प्रश्नाकडे वळत असू. ते राँटगेन जगले कसे आणि गेले कशानं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

ते गेले आतड्याच्या कर्करोगानं. माणसाच्या शरीरात डोकावण्याची खिडकी ज्यांनी उघडली, त्यांच्याच पोटात तो आजार वाढला. ही कथा नुसत्या दैवदुर्विलासाची असती, तर एवढा कागद खर्च करण्याचं कारण नव्हतं. पण राँटगेन यांच्या किरणांना सर्वांत जास्त काळ ज्या अवयवांनी दाद दिली नाही, ते पोटातलेच होते. तिथला अंधार दूर व्हायला पुढे कितीतरी वर्षं लागली, आणि तो अजूनही पुरता दूर झालेला नाही.

शाळेनं काढलेला मुलगा

राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतल्या लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी, आई मूळची हॉलंडकडची. एकुलता एक मुलगा. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब हॉलंडमधल्या आपेलडोर्न इथे राहायला गेलं. पोरगा अभ्यासात फार चमकणारा नव्हता. रानावनात हिंडणं आणि यंत्रांशी खटपट करणं, हे त्याचे छंद.

पुढे उट्रेख्टच्या तांत्रिक शाळेत असताना एक प्रसंग घडला. वर्गातल्या कुणीतरी एका शिक्षकांचं व्यंगचित्र काढलं. ते नेमकं राँटगेन बघत असतानाच शिक्षक आले. चित्र कुणी काढलं ते सांग, असा हुकूम झाला. या मुलानं मित्राचं नाव सांगितलं नाही. परिणाम असा झाला की त्यालाच शाळेतून काढून टाकलं. आपल्याकडे एखाद्या घरात असं झालं असतं तर वडिलांनी काय केलं असतं, याची कल्पना वाचकांनीच करावी.

शाळा सोडल्याचं रीतसर प्रमाणपत्र नाही, म्हणून विद्यापीठाचा सरळ मार्ग बंद. पण झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रमाणपत्राविना प्रवेश मिळू शकत होता. १८६५ मध्ये राँटगेन तिथे गेले, १८६८ मध्ये यंत्र अभियंता झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांना डॉक्टरेट मिळाली. ऑगस्ट कुंट या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते तयार झाले. गुरूबरोबर व्युर्त्सबुर्गला गेले, तर तिथल्या विद्यापीठानं तेच जुनं प्रमाणपत्र मागितलं आणि अध्यापनाचा अधिकार नाकारला. याच व्युर्त्सबुर्ग विद्यापीठानं १८८८ मध्ये त्यांना सन्मानानं प्राध्यापक म्हणून बोलावलं आणि १८९४ मध्ये तर ते तिथले कुलगुरू झाले. कागद मोठा की माणूस, हा वाद सर्व देशांतल्या सर्व कचेऱ्यांत चालतो. राँटगेन यांच्या बाबतीत त्याचा निकाल लागायला जवळजवळ दोन तपं लागली.

झुरिकला असतानाच त्यांची ओळख अ‍ॅना बेर्टा लुडविग हिच्याशी झाली. तिच्या वडिलांचं खानावळवजा कॅफे होतं, तिथे विद्यार्थी जमत. बेर्टा त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. १९ जानेवारी १८७२ रोजी लग्न झालं. त्यांना मूल झालं नाही. बेर्टाच्या भावाची सहा वर्षांची मुलगी त्यांनी १८८७ मध्ये घरी आणली आणि पोटच्या लेकीसारखी वाढवली. या बेर्टाबाईंचा हात पुढे जगभर प्रसिद्ध झाला.

सात आठवडे

८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवारची संध्याकाळ. राँटगेन पन्नास वर्षांचे. प्रयोगशाळेत अंधार केलेला. हवा जवळजवळ काढून टाकलेल्या काचेच्या नळीतून ते विजेचा प्रवाह सोडत होते. नळीभोवती काळ्या पुठ्ठ्याचं घट्ट आवरण होतं, म्हणजे प्रकाशाचा कणही बाहेर येऊ नये. तरीही थोड्या अंतरावर ठेवलेला एक पडदा मंद चमकू लागला. त्या पडद्याला बेरियमच्या एका क्षाराचा लेप दिलेला होता. बेरियम हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं, ते पुढे पुन्हा येणार आहे.

पुठ्ठ्यातून आरपार जाणारं हे काय आहे? अशा नळ्यांवर त्या काळात युरोपभर कितीतरी प्रयोगशाळांत काम चाललं होतं. जवळ ठेवलेल्या फोटोच्या काचा विनाकारण खराब झाल्याचा अनुभवही काहींना आला होता. त्यांनी काचा दुसरीकडे हलवल्या. राँटगेन यांनी मात्र त्या चमकेचा पाठलाग केला. सात आठवडे ते प्रयोगशाळेतच राहिले म्हणायला हरकत नाही. जेवण तिथे, झोप तिथे. कुणाला काही सांगितलं नाही. किरणांच्या वाटेत कागद धरला, लाकूड धरलं, पुस्तक धरलं, धातूचे पत्रे धरले. शिसं तेवढं किरणांना अडवत होतं. आणि शिशाचा तुकडा धरणाऱ्या आपल्याच हाताची हाडं त्यांना पडद्यावर दिसली.

२२ डिसेंबरला त्यांनी बेर्टाबाईंना बोलावलं आणि त्यांचा हात फोटोच्या काचेवर ठेवायला सांगितलं. पाऊण घटकेच्या आसपास, म्हणजे सुमारे पंधरा मिनिटं, त्या हात न हलवता बसल्या. काच धुतल्यावर त्यात बोटांची हाडं आणि एका बोटात अंगठी दिसली. जिवंतपणी आपली हाडं पाहणं म्हणजे आपलं मरणच पाहण्यासारखं आहे, असं त्या बाईंना वाटल्याचं सांगतात. आजही अहवालाचं पाकीट उघडताना आपले हात किंचित थरथरतात, ते त्याच भयानं.

२८ डिसेंबरला राँटगेन यांनी व्युर्त्सबुर्गच्या वैज्ञानिक-वैद्यक मंडळाकडे आपला निबंध दिला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याच्या प्रती ओळखीच्या शास्त्रज्ञांना टपालानं धाडल्या. आठवड्याच्या आत व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात बातमी आली आणि तिथून ती जगभर गेली. १३ जानेवारीला खुद्द कैसरसमोर प्रात्यक्षिक झालं. २३ जानेवारी १८९६ रोजी व्युर्त्सबुर्गच्या सभेत त्यांनी वृद्ध शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचं चित्र सर्वांसमक्ष घेतलं. या किरणांना राँटगेन यांचं नाव द्यावं, अशी सूचना कोलिकर यांनीच केली. जर्मन माणूस आजही त्यांना राँटगेन किरण म्हणतो. स्वतः राँटगेन मात्र शेवटपर्यंत ‘एक्स’वरच राहिले.

आपल्या देशातही हे तंत्र फार उशिरा आलं नाही. १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या तिराहच्या मोहिमेत इंग्रजी फौजेतल्या डॉक्टरांनी जखमी सैनिकांच्या शरीरातल्या गोळ्या शोधण्यासाठी ते वापरलं. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनीही असं यंत्र स्वतः तयार केलं होतं.

एक न काढलेलं पेटंट

ज्याची उमेद बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली, त्याला राँटगेन यांच्या चरित्रातला सर्वांत अचंब्याचा भाग इथे दिसतो. शोध जगासमोर आल्यावर काही महिन्यांत यंत्रं विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. बर्लिनच्या एका मोठ्या विद्युत कंपनीनं माणूस पाठवला. राँटगेन यांनी पेटंट घ्यायला साफ नकार दिला. असे शोध सर्व मानवजातीचे असतात, एका कंपनीच्या तिजोरीत ते बंद होऊ नयेत, अशी त्यांची भूमिका होती. आज जगात दर मिनिटाला जेवढे एक्स-रे निघतात, त्यांतल्या प्रत्येकावर एक पैसा जरी त्यांच्या घराण्याच्या नावे जमा होत असता तर काय झालं असतं, हा हिशेब माझ्यासारख्या माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. राँटगेन यांच्या मनात तो आला नाही असं नव्हे. त्यांनी तो बाजूला सारला.

१९०१ मध्ये नोबेल पारितोषिकं सुरू झाली. भौतिकशास्त्राचं पहिलं पारितोषिक राँटगेन यांना मिळालं. ते स्टॉकहोमला गेले, पारितोषिक घेतलं, पण प्रथेप्रमाणे द्यायचं व्याख्यान काही दिलं नाही. पैसे त्यांनी व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाला संशोधनासाठी दिले. बव्हेरियाच्या राजघराण्यानं बहुमान दिला, पण नावाआधी सरदारकीचा ‘फॉन’ त्यांनी लावला नाही. आपल्या किरणांवर त्यांनी उभ्या आयुष्यात तीनच निबंध लिहिले. लाजाळू, अबोल, थोडा तुसडाही वाटावा असा हा गृहस्थ होता. फिलिप लेनार्ड या शास्त्रज्ञाला वाटे की शोधाचं श्रेय आपल्याला मिळायला हवं होतं. तो जन्मभर जळत राहिला. राँटगेन यांनी त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा सुटीत स्वित्झर्लंडच्या डोंगरात फिरणं पसंत केलं.

त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचं कारण नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, तेव्हा जर्मनीच्या कृतींचं समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्यांचीही सही होती. मोठी माणसंही आपल्या काळाच्या लाटेत वाहतात.

पोट मात्र दिसेना

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. हाड दिसलं, गोळी दिसली, गिळलेलं नाणं दिसलं. पण पोट? क्ष-किरणांचं तत्त्व साधं आहे. घट्ट वस्तू त्यांना अडवते, विरळ वस्तू जाऊ देते. हाडात चुना असतो, म्हणून ते उठून दिसतं. फुप्फुसात हवा असते, म्हणून छातीचं चित्रही बोलकं येतं. जठर, आतडी, यकृत यांचं मांस मात्र जवळपास सारख्याच घनतेचं. धुक्यात धुक्याची आकृती शोधावी तसं ते होतं.

हा प्रश्न सुटण्याची सुरुवात १८९६ च्या अखेरीस अमेरिकेत झाली. हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन या तरुणानं जनावरांना बिस्मथचा क्षार मिसळलेलं अन्न खाऊ घातलं आणि किरणांच्या पडद्यावर त्या अन्नाचा प्रवास पाहिला. जठर दिसत नसलं तरी जठरात जे भरलं आहे ते दिसतं. पाण्याचा आकार दिसत नसेल तर त्यात रंग टाकावा, तशीच ही युक्ती. मांजराच्या जठराच्या भिंतींवरून लाटा कशा सरकतात, हे त्यानं पाहिलं. मांजर घाबरलं की त्या लाटा थांबतात, हेही त्यानं टिपलं. चिंतेनं पोट बिघडतं असं आपल्या आज्या म्हणत, त्याचा हा पहिला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा.

१९०४ मध्ये हेर्मान रीडर या डॉक्टरनं बिस्मथ घातलेली लापशी माणसांना देऊन जठराची तपासणी रूढ केली. हे घडलं म्युनिकमध्ये. राँटगेन १९०० पासून त्याच शहरात प्राध्यापक होते. बिस्मथच्या काही क्षारांची विषबाधा होते असं आढळल्यावर १९१० च्या सुमारास त्याची जागा बेरियम सल्फेटनं घेतली. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात, पण हे सल्फेट पाण्यात विरघळत नाही, शरीरात शोषलं जात नाही, जसं आत जातं तसं बाहेर पडतं. ज्या मूलद्रव्याच्या क्षारानं १८९५ च्या त्या संध्याकाळी पडद्यावर चमकून क्ष-किरणांची वर्दी दिली, त्याच मूलद्रव्यानं पंधरा वर्षांनी पोटातला अंधार उजळला. सकाळी उपाशीपोटी येऊन खडूच्या पाण्यासारखं पांढरं पेय पिणं आणि टेबलावर या कुशीवरून त्या कुशीवर वळणं, ही ‘बेरियम मील’ची तपासणी आपल्याकडच्याही कितीतरी ज्येष्ठांनी करून घेतलेली आहे.

या वाटेवर बळीही गेले. किरण निरुपद्रवी आहेत असं सुरुवातीला सर्वांना वाटत होतं. एडिसनचा सहायक क्लॅरन्स डॅली हातांच्या जखमा चिघळून, कर्करोग होऊन १९०४ मध्ये गेला. १९३६ मध्ये हांबुर्गला एका रुग्णालयाच्या आवारात क्ष-किरणांच्या कामात प्राण गमावलेल्यांचं स्मारक उभारलं, तेव्हा त्यावर १६९ नावं होती. पुढे ती वाढतच गेली. राँटगेन स्वतः जस्ताच्या पत्र्याच्या मोठ्या पेटीत उभे राहून काम करत आणि शिशाचा आडोसा घेत. फोटोच्या काचा खराब होऊ नयेत म्हणून केलेली ती सोय त्यांनाही सांभाळून गेली. शिवाय या किरणांवर त्यांनी काम केलं ते थोडीच वर्षं. त्यामुळे त्यांचा कर्करोग किरणांमुळे झाला असं मानलं जात नाही.

शेवटची खातेवही

युद्ध संपलं ते जर्मनीला कंगाल करून. बेर्टाबाई बरीच वर्षं आजारी होत्या, वेदना असह्य होत. मॉर्फिनची इंजेक्शनं राँटगेन स्वतः देत. ३१ ऑक्टोबर १९१९ रोजी त्या गेल्या. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. म्युनिकजवळच्या वाइलहाइम इथल्या आपल्या खेड्यातल्या घरात ते बरेचदा राहत.

मग आली महागाई. युद्धाआधी एका डॉलरला सव्वाचार मार्क पडत. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क मोजावे लागले. सकाळी घेतलेला पगार संध्याकाळी पावाला पुरत नसे. जन्मभराच्या ठेवी, विम्याच्या रकमा, पेन्शन यांचा कागद झाला. बँकेतल्या माणसाला या आकड्यांची जी भीती वाटते, ती इतरांना क्वचित वाटत असेल. कारण त्यामागे ठेवपावती घेऊन खिडकीशी उभा असलेला म्हातारा त्याला दिसतो. राँटगेन त्या म्हाताऱ्यांपैकीच एक होते. नोबेलचे पैसे दिलेले, पेटंट न घेतलेलं. शेवटची वर्षं त्यांनी काटकसरीत काढली.

१० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये त्यांचा अंत झाला. वय ७७. निदान होतं आतड्याचा कर्करोग. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची पत्रं आणि टिपणं जाळून टाकण्यात आली. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला याची हळहळ वाटणारच. त्या सात आठवड्यांत त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते त्या राखेत गेलं. अस्थी गीसेन इथल्या जुन्या दफनभूमीत आहेत.

राँटगेन यांचं निदान वेळेत झालं असतं तर, असा प्रश्न मनात येतो. सत्याहत्तराव्या वर्षी, १९२३ च्या वैद्यकात, त्याला फारसा अर्थ नाही. आज मात्र हाच प्रश्न प्रत्येक घरात अर्थपूर्ण झाला आहे.

चामड्याची पिशवी आणि इतर आजार

राँटगेन यांच्यानंतर पोटात डोकावण्याच्या वाटा वाढत गेल्या. जपानमध्ये जठराचा कर्करोग फार. १९५० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी बेरियमबरोबर हवाही भरून जठराच्या अस्तराचा पातळ, रेखीव ठसा घ्यायचं तंत्र विकसित केलं. त्यामुळे अगदी सुरुवातीचे, अस्तरापुरतेच असलेले कर्करोग सापडू लागले. पुढे तपासणीची यंत्रं मोटारीत घालून गावोगाव नेली गेली. मग दुर्बिणीनं थेट आत पाहून तुकडा काढण्याची सोय आली आणि बेरियम मागे पडलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. सी.टी. म्हणजे राँटगेन यांचेच किरण. ते चहूबाजूंनी सोडायचे आणि संगणकानं शरीराचे आडवे काप दाखवायचे.

मग दुर्बीण असताना चित्रांची गरज काय? याचं उत्तर जठराच्या काही विरळ कर्करोगांत आहे. जठराचा नेहमीचा कर्करोग अस्तरातून उगवतो आणि बहुधा दुर्बिणीला दिसतो. पण एक प्रकार असा आहे की पेशी अस्तराखालून, भिंतीतल्या भिंतीत पसरत जातात. वर व्रण नाही, गाठ नाही. भिंत जाड आणि ताठ होते, जठर चामड्याच्या पिशवीसारखं होतं, फुगतच नाही. १८५९ मध्ये ब्रिंटन या इंग्रज डॉक्टरनं त्याचं वर्णन केलं होतं. इथे दुर्बिणीतून अस्तर जवळपास ठीक दिसू शकतं आणि वरवर काढलेल्या तुकड्यात काहीच सापडत नाही. बेरियमच्या चित्रात मात्र ते न फुगणारं, अरुंद जठर चटकन नजरेत भरतं आणि सी.टी.त भिंतीची जाडी मोजता येते. मग डॉक्टर खोलवरचा तुकडा पुन्हा मागतात. जुनं चित्र इथे नव्या यंत्राला साथ देतं.

दुसरा प्रकार जठराच्या स्नायूच्या थरातून उगवणाऱ्या गाठींचा. त्यांना ‘जिस्ट’ म्हणतात. दुर्बिणीच्या टोकाशी ध्वनिलहरींचं छोटं यंत्र बसवलं की जठराच्या भिंतीचे पाच थर वेगवेगळे दिसतात आणि गाठ कोणत्या थरातली ते कळतं. या आजारावर २००० नंतर इमॅटिनिब नावाची गोळी आली. गोळी लागू पडली की पेट स्कॅनवर गाठीची साखर खाण्याची भूक काही दिवसांतच मंदावलेली दिसते, गाठ आकारानं लहान व्हायच्या कितीतरी आधी. तिसरा प्रकार जठरातल्या लिम्फोमाचा. त्यातल्या एका मंद वाढणाऱ्या जातीमागे बहुधा हेलिकोबॅक्टर हा जंतू असतो, आणि आजार सुरुवातीचा असेल तर केवळ तो जंतू मारणाऱ्या औषधांनीही अनेकदा ओसरतो. नाव सगळ्यांचं जठराचा कर्करोग, पण एकाला मोठी शस्त्रक्रिया लागते, दुसऱ्याला गोळी, तिसऱ्याला जंतुनाशक. कोणता कोण हे ओळखण्यातच रुग्णाचं नशीब असतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कोणतंही चित्र एकटं निकाल देत नाही. पेट स्कॅनवर काही जातीचे कर्करोग फिके दिसतात किंवा दिसतच नाहीत. शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाखालच्या तुकड्याचा. चित्र सांगतं, तुकडा कुठून घ्यायचा आणि आजार कुठवर गेला आहे.

आपल्या दारात

विदर्भाला हा विषय परका नाही. ग्रामगीता लिहिणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कर्करोगानंच गेले. आज त्यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय नागपुरात उभं आहे. मेयो आहे, १९४७ पासूनचं आपलं मेडिकल आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. ज्या यंत्रांसाठी एके काळी मुंबईला जावं लागे, ती आता इथे आहेत. यंत्रं आली, पण माणूस त्यांच्यापर्यंत वेळेवर पोचतो का?

आपल्याकडे पोटाचं दुखणं हे दुखणं मानतच नाहीत. पित्त आहे, गॅस आहे, काल वडे खाल्ले. औषधाच्या दुकानातून आम्लपित्ताची गोळी आणायची आणि महिने काढायचे. त्या गोळीनं कधी कधी बरंही वाटतं, आणि तीच मोठी फसवणूक ठरते, कारण आत काही वाढत असलं तरी त्याची कुरकूर ती दाबून टाकते. दोन घासांतच पोट भरल्यासारखं वाटणं, कारण नसताना वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौचाला होणं, रक्त कमी होत जाणं, गिळताना अडकणं, पुन्हा पुन्हा उलटी होणं, यांतलं काहीही टिकून राहिलं तर डॉक्टर गाठायलाच हवा. बहुतेक वेळा निघेल ते साधंच. पण ते साधं आहे हे आपण घरी बसून ठरवायचं नाही. घरातल्या बाईनं तर नाहीच, कारण ती सर्वांना वाढून झाल्यावर जेवते आणि तिनं दोनच घास खाल्ले हे कुणी पाहिलेलंच नसतं.

राँटगेन यांनी आपला शोध फुकट दिला. पण यंत्राला पैसे पडतात, तपासणीला पैसे पडतात, गडचिरोलीहून येण्याला पैसे पडतात, आणि शेतीच्या दिवसांत दोन दिवस मोडण्यालाही पडतात. पेटंट नाकारणाऱ्या त्या अबोल माणसानं आपला हप्ता कधीच भरून टाकला आहे. सोडलेल्या त्या पैशाचा लाभ शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसापर्यंत पोचवणं, हे बाकीचं खातं आपलं आहे. सरकारचं आहे, रुग्णालयांचं आहे, आणि घरात आईनं आज किती खाल्लं हे पाहणाऱ्या प्रत्येकाचं आहे.